पाच बुलबुलांचा नवस

सुमन निकम यांना बोट लागते. कुवेतमधल्या सालमियाचा किनारा सुटून थोडा वेळ झाला की त्या ओढणी तोंडाशी धरून लिंबू हुंगत बसतात, आणि शेजारी त्यांचे यजमान धैर्यशील आज समुद्र किती शांत आहे हे सांगत राहतात. अशा बाईनं वीसेक वर्षं, दर मार्चमध्ये, फैलका बेटाची फेरी चुकवू नये याचं मराठी मंडळातल्या बायकांना मोठं नवल वाटे. मांडीवर फडक्यानं झाकलेला पिंजरा, पायाशी पपईच्या फोडींचा डबा. मंडळात निकम आडनावाच्या तिघी होत्या. त्यांतल्या ह्या बुलबुलवाल्या निकमवहिनी.

त्या मूळच्या कळवणच्या. धैर्यशीलरावांना पेट्रोकेमिकलमध्ये नोकरी लागली तेव्हा कुवेतला आल्या, आणि घरात बसून जीव आंबतो म्हणून अर्दियातल्या एका गोदामाच्या ऑफिसात लागल्या. टाइल्स, नळ, फ्लशच्या टाक्या यांचा साठा त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळला. अरबी ड्रायव्हरांशी हिंदीत भांडायच्या आणि मल्याळी मॅनेजरशी मराठीत. बाई बोलायला फटकळ, पण मनानं इतक्या हळव्या की गोदामातल्या मांजरीला पिल्लं झाली तर घरून डिंकाचे लाडू नेतील.

बुलबुलांचं प्रकरण सुरू झालं ते श्वेतामुळं. एकुलती एक मुलगी. सहा वर्षांची असताना तिला मेंदूज्वर झाला. जाब्रियातल्या हॉस्पिटलात तिला ठेवली होती आणि डॉक्टर विचारलं तेवढंच बोलत होते. मान ताठ झालेली, डोळे उघडे, पण आईची ओळख नाही. सुमनताई खिडकीशी उभ्या राहायच्या. समोरच्या इमारतीच्या बाल्कनीत कुणीतरी एक पिंजरा टांगला होता, आणि आतलं पाखरू दिवसभर गजांवर धडका घेत होतं. बाई तेच बघत राहायच्या. एका दुपारी त्यांनी खिडकीच्या काचेला कपाळ टेकलं आणि वणीच्या सप्तशृंगीला साकडं घातलं. आई, माझं पाखरू मोकळं कर. मी जिवात जीव असेतो दर वर्षी तुझ्या नावानं पाच पाखरं मोकळी करीन.

श्वेता उठली. आधी पाणी मागितलं, मग आईला ओळखलं, मग घरी कधी जायचं म्हणून रडली. नवस फेडणं आलंच. शुवैखजवळच्या शुक्रवार बाजारात पाखरांच्या गल्लीत सुमनताई गेल्या, तर एका पिंजऱ्यात काळ्या तुऱ्याचे, शेपटीखाली लालभडक ठिपका असलेले बुलबुल. कळवणला माहेरच्या मधुमालतीत ह्यांचीच घरटी असायची. परक्या देशात माहेरचं माणूस भेटावं तसं झालं त्यांना. दुसऱ्या कुठल्या पाखराकडं मग त्यांनी बघितलंच नाही.

पहिल्या वर्षी ती पाच पाखरं त्यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवरून सोडली. पिंजऱ्यात पंख आखडलेले, दोन उडालीच नाहीत. डोळ्यांदेखत बोक्यानं एक उचललं. सुमनताईंनी हाय खाल्ली. देवीला दिलेलं बोक्यानं नेलं म्हणजे नवस फिटला की उलटा लागला? धैर्यशीलराव इंजिनिअर माणूस, नवसाची थट्टा करणारे, पण बायकोचा चेहरा बघून त्यांनीच तोडगा काढला. कंपनीच्या सहलीला ते फैलकाला जाऊन आले होते. बेटावर वस्ती जवळजवळ नाही, झाडं आहेत, पाणी आहे. तिथं सोडू म्हणाले.

ते बेट पूर्वी गजबजलेलं होतं. नव्वद सालच्या युद्धात सगळं गाव उठवलं गेलं आणि बहुतेक लोक परतलेच नाहीत. गोळ्यांच्या भोकांची घरं अजून उभी आहेत. त्यांच्यामधून जाणाऱ्या एका वाटेवर एका कुवेती कुटुंबाची बाग होती. जुनी बोरीची झाडं, खजुरी, आणि कुंपणाला दाट झुडपं. राखणदार मुझफ्फर, श्रीवर्धनचा. मराठी ऐकताच त्यानं फाटक उघडलं आणि सुमनताईंना सावलीत बसवून चहा दिला. तेव्हापासून पाखरं त्या बागेत सुटू लागली. सुमनताई पिंजऱ्याचं दार उघडायच्या, हात जोडायच्या, आणि मग तळहातावर पपईची फोड घेऊन बसायच्या. "या गं बायांनो, या" असं म्हणत जिभेनं टकटक आवाज काढायच्या, माहेरी कोंबड्यांना बोलावायच्या तसा.

आणि पाखरं यायची. मुझफ्फर वर्षभर त्याच आवाजात त्यांना ओल्या खजुरांचा चुरा टाकी, त्यामुळं ओळख मोडत नव्हती. पाचांची दहा झाली, दहांची किती झाली ते कोण मोजतो. त्यांत एक धीट मादी होती, तुरा एका बाजूला कललेला, एका पायाचं बोट तुटलेलं. ती सरळ मनगटावर येऊन बसे आणि बांगडीवर चोच घासे. सुमनताईंनी तिचं नाव ठकूबाई ठेवलं. कळवणला शेजारी ह्याच नावाच्या एक बाई होत्या, त्याही न विचारता घरात शिरायच्या. मंडळातल्या बायका हौसेनं बघायला येऊ लागल्या. मुलांचे फोटो निघू लागले. कुणी कुणी आपल्या घरच्या आजारपणासाठीही बुलबुल सोडले. वर्षातला तो एक दिवस सुमनताई समाधानानं भरून पावलेल्या असत, आणि परतीच्या बोटीत त्यांना लिंबू लागत नसे.

यंदाची फेरी शेवटची होती. धैर्यशीलराव जूनमध्ये निवृत्त होणार, नोकरी गेली की इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, गेला, आणि इकामा नाही तर राहणं नाही. नाशिकला फ्लॅट घेऊन ठेवला होता. श्वेता मात्र इथंच राहणार होती. जाब्रियात एका दवाखान्यात ती दातांची डॉक्टर, नवरा नचिकेत बँकेत. पुढच्या वर्षापासून नवस नाशिकला फेडायचा असं सुमनताईंनी मनाशी ठरवलं होतं, आणि ह्या खेपेला पाखरं निवडताना त्या दुकानात जरा जास्तच वेळ रेंगाळल्या होत्या.

त्या मार्चमध्ये धैर्यशीलराव ऑफिसात अडकले, म्हणून त्या एकट्याच निघाल्या. बेटावर उतरल्यावर किनारा बघून त्या थबकल्या. वाटेच्या दोन्ही अंगांची झुडपं साफ झाली होती. सुट्टीच्या बंगल्यांसाठी जमीन सपाट करून खुंट्या मारल्या होत्या. हिरवं म्हणून उरली होती ती मुझफ्फरची बागच. आणि बागेत एक उंच, वयस्कर कुवेती बाई धुळीनं पांढरा झालेला काळा अबाया खोचून बोरीच्या झाडांमध्ये जाळं बांधत होत्या. मुझफ्फर शिडी धरून उभा होता आणि सुमनताईंना बघून त्यानं नजर खाली घातली.

त्या नूरिया. बाग त्यांच्याच कुटुंबाची, पण सुमनताईंशी गाठ आजवर पडली नव्हती. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, जन्म ह्याच बेटावरचा. त्यांना हिंदी येत होतं, जुन्या कुवेती लोकांना येतं तसं मोडकं आणि प्रेमळ. मुझफ्फरनं ओळख करून दिली तेव्हा त्यांनी आधी मुलाबाळांची चौकशी केली आणि लगेच सुमनताईंना उम्म श्वेता म्हणू लागल्या, म्हणजे श्वेताची आई. मग जाळ्याकडं हात करून म्हणाल्या, हिंदी बुलबुल धरायचेत. बाहेरून आलेत, फार वाढलेत, इथल्यांना जगू देत नाहीत.

सुमनताईंच्या कानशिलाची शीर तडतडली. हिंदी म्हणजे भारतीय. हा शब्द त्यांनी ह्या देशात हजार वेळा ऐकला होता, मायेनंही आणि तुच्छतेनंही. बाहेरून आलेत, फार झालेत, हे वाक्य तर नवीन नव्हतंच. माणसांबद्दल ऐकून घेतलं होतं, आता पाखरांबद्दलही ऐकायचं?

"पाखराला कुठला आलाय पासपोर्ट, मॅडम?" त्या म्हणाल्या.

नूरिया चिडल्या नाहीत. त्यांनी सुमनताईंना हाताला धरून बागेच्या टोकाच्या बोरीपाशी नेलं. खांद्याच्या उंचीवर एक घरटं होतं, एका बाजूनं उसवलेलं. खाली अंड्यांची टरफलं, मुंग्या लागलेली. थोड्या अंतरावर कुंपणाच्या तारेवर बुलबुलाचं एक जोडपं गप्प बसलं होतं; डोकं काळं, पण गालावर मोठा पांढराशुभ्र ठिपका आणि शेपटीखाली हळदीसारखा पिवळा रंग. हे इथले. आणि झाडाच्या शेंड्यावर, छाती फुगवून, लाल ठिपक्याचे दोघे. पांढऱ्या गालाच्यानं झाडाकडं झेप घेतली की वरचे दोघे अंगावर येत आणि त्याला तारेपर्यंत पिटाळत. सुमनताईंना ते आपल्या डोळ्यांनी दिसत होतं, दोनदा, तीनदा. इतकी वर्षं त्या इथं येत होत्या. त्यांनी पपई खाणाऱ्यांकडंच बघितलं होतं.

काही पिल्लं मिश्रही होतात, नूरिया म्हणाल्या. गाल मळकट, शेपटीखाली नारिंगी. पूर्वी झुडपं किनाऱ्यापर्यंत होती तेव्हा पांढऱ्या गालाच्यांना पळून जायला जागा तरी होती. आता ही बाग तेवढी राहिली, आणि तिच्यात त्यांची दोनच जोडपी.

मग त्या लहानपणाचं बोलल्या. पलीकडं पडकं दिसतंय ते त्यांचं घर. अंगणात बोर होती, आणि त्यांची आई दाराशी बसून खजूर सोलायची तेव्हा पांढऱ्या गालाचे बुलबुल तिच्या मांडीपर्यंत यायचे. घर सोडलं तेव्हा नूरियांच्या हातात काही नव्हतं. परत आल्या तेव्हा अंगणात काही नव्हतं.

"आम्ही माणसं परतलो नाही, उम्म श्वेता. पण बुलबुल आहेत, म्हणजे घरात कुणीतरी आहे, असं मी इतकी वर्षं म्हणत होते."

तेवढ्यात वरून फडफड झाली आणि ठकूबाई सुमनताईंच्या मनगटावर येऊन बसली. बांगडीला चोच घासली. मागोमाग आणखी दोघे खांद्याजवळ घिरट्या घालू लागले. त्याच वेळी, फडक्याखालच्या पिंजऱ्यातून पाचही जणांनी आवाज दिला. नूरियांनी एकदा पाखराकडं बघितलं, एकदा पिंजऱ्याकडं.

"हे तुझे?"

"माझे," सुमनताई म्हणाल्या. "हे सगळेच माझे."

नूरिया दुष्टपणानं काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर सुमनताईंना सोपं गेलं असतं. त्यांनी नवस काय असतो ते सगळं ऐकून घेतलं, मधे मधे मान हलवली, आणि शेवटी एवढंच सांगितलं की ही पाखरं शहाणी आहेत, जाळ्यात येत नाहीत. माणसाच्या हाताला येतात ती फक्त मुझफ्फरच्या आणि तुझ्या. मुझफ्फर म्हणतो, ताईंची पाखरं आहेत, ताईंनी सांगितल्याशिवाय मी हात लावणार नाही. धरल्यावर त्यांचं काय करणार, हे सुमनताईंनी सरळ विचारलं आणि नूरियांनी सरळ सांगितलं. जनावरांचा डॉक्टर येईल, औषध देऊन झोपवील. उघड्यावर वाढलेलं पाखरू पिंजऱ्यात डोकं आपटून मरतं, त्यापेक्षा ते बरं.

त्या दिवशी पिंजरा बंदच्या बंद परत आला. बोट चांगली हेलकावे खात होती, पण सुमनताईंना मळमळलंसुद्धा नाही, इतकं त्यांचं लक्ष थाऱ्यावर नव्हतं.

घरी वेगळाच तमाशा. ज्या धैर्यशीलरावांनी वीस वर्षं नवसाची टिंगल केली, त्यांचंच धाबं दणाणलं. लेकीच्या बाबतीत विषाची परीक्षा नको, आत्ताच्या आत्ता ही पाच गच्चीवरून सोडून दे, असं ते म्हणू लागले. श्वेताला फोन केला तर ती हसली. म्हणाली, "आई, दॅट वॉज अँटिबायोटिक्स. प्लीज."

"औषध त्यांनी दिलं गं, गुण कुणी दिला?" सुमनताईंनी विचारलं. श्वेता मग हसायची थांबली. नको सोडूस, मी ठेवते, माझ्या बाल्कनीत राहतील, असं म्हणून ती दुसऱ्या दिवशी येऊन पिंजरा घेऊन गेली. सोडायची म्हणून आणलेली पाखरं आता मरेपर्यंत गजांमागं राहणार, आणि तीही लेकीच्याच घरात. सुमनताईंना हे शकुन म्हणून अजिबात बरं वाटलं नाही.

पुढचे काही दिवस त्यांचा हात कशाला लागेना. कुकरच्या शिट्ट्या होत राहायच्या. एकीकडं देवीला दिलेला शब्द होता, नुसता शब्द नव्हे, त्या शब्दावर लेकीचा जीव टांगलेला आहे अशी त्यांची खरोखरची श्रद्धा होती. ज्यांना हसायचंय त्यांनी हॉस्पिटलच्या त्या खिडकीशी एक दुपार उभं राहून बघावं. दुसरीकडं ती मुंग्या लागलेली टरफलं. पोळ्या लाटताना, केस विंचरताना ती डोळ्यांसमोर येत. तारेवर गप्प बसलेली ती आई येई. मी माझं लेकरू मागितलं, आणि त्याची फेड दुसरीच्या लेकरांनी केली. देवी आई असेल तर तिला हे चाललं असेल? हा विचार एकदा मनात आला आणि मग तो हलेना. आपण तर जूनमध्ये निघून जाऊ, त्यांना वाटलं. आपलं इथलं राहणं इकाम्यापुरतं. पण पाखरांना आपण कायमची ठेवून चाललो, आणि ज्यांचं घर त्यांनाच तारेवर बसवून चाललो. त्यांनी मुझफ्फरला फोन करून सांगितलं, मी येते.

जायच्या दिवशी धक्क्यावर उभ्या असताना नचिकेतचा फोन आला. काळजीचं काही नाही, श्वेताला रात्रीपासून ताप आहे, डोकं दुखतंय, आज सुट्टी घेतली आहे. तो सहज सांगत होता. तो वीस वर्षांपूर्वी जाब्रियाच्या हॉस्पिटलात नव्हता ना.  ताप आणि डोकेदुखी. मान दुखते का, सुमनताईंनी विचारलं. माहीत नाही, तो म्हणाला, झोपलीय. धैर्यशीलराव सोबत होते. त्यांनी बायकोचा दंड धरला आणि चल घरी म्हणाले. बोटीचा माणूस दोर सोडत होता.

सुमनताईंनी पर्समधलं सप्तशृंगीचं चित्र बाहेर काढलं, कपाळाला लावलं, आणि आत ठेवलं. "तुम्ही जा तिच्याकडं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मला आज फोन करू नका. मीच करीन." आणि बोटीत चढल्या.

बागेत नूरियांनी मोठा पिंजरा मांडून ठेवला होता, वरून सरकणाऱ्या दाराचा. डॉक्टर पडक्या घराच्या सावलीत बसला होता. मुझफ्फरनं खुर्ची आणून ठेवली, पण सुमनताई जमिनीवरच बसल्या. पपईची फोड तळहातावर घेतली, हात पिंजऱ्यात खोल घातला आणि जिभेनं टकटक आवाज काढला.

"या गं बायांनो, या."

आवाज फाटला होता, तरी पाखरं आली. एक हातावर बसलं, दुसरं बसलं. त्यांना खाऊ दिलं, मग हळूच हात काढून घेतला आणि दार खाली सोडलं. डॉक्टरानं ती कापडी पिशवीत काढून नेली. पुन्हा हात आत, पुन्हा तीच हाक. वीस वर्षं ह्या हातानं दारं उघडली होती. नूरिया पाठीमागं उभ्या राहून हलक्या आवाजात काहीतरी म्हणत होत्या, प्रार्थना असावी. मुझफ्फर कुंपणाकडं तोंड करून रडत होता आणि कुणी त्याच्याकडं बघत नव्हतं. मळकट गालाची पिल्लंही आली, तीही त्यांनी आत घेतली. एकदा सुमनताईंनी विचारलं, बास का आता? नूरियांनी बोरीच्या शेंड्याकडं बोट दाखवलं.

ठकूबाई तिथून सगळं बघत होती. खूप वेळ ती उतरली नाही, आणि सुमनताई मनात म्हणाल्या, नको येऊस, बाई, जा उडून. पण हाक मारायची त्या थांबल्या नाहीत. दुपार कलली. शेवटी ती उतरली, पिंजऱ्याच्या टपावर बसली, मान वाकडी करून आत बघितलं, आणि हातावर आली. पपईला तोंड लावलं नाही. बांगडीला चोच घासली. सुमनताईंनी दुसऱ्या हातानं दार सोडलं. आपला हात आतच ठेवला, आणि तसाच, पाखरू मुठीत धरून, डॉक्टर येईपर्यंत बसून राहिल्या. पिशवीत त्यांनी स्वतः घातलं, आणि तो औषध देईस्तोवर पिशवीवरचा हात काढला नाही.

मग त्या झाडीपासून दूर, गोळ्यांच्या भोकांच्या भिंतीशी गेल्या. हातावर पपईचा रस वाळला होता. फोन काढला. श्वेताचं नाव दाबलं. घंटी वाजू लागली. वाजत राहिली. सप्तशृंगीचं नाव घ्यायला त्यांचं तोंड उघडलं, पण तिच्याकडं आज काही मागायचा आपल्याला हक्क नाही असं वाटून त्या नुसत्याच थांबल्या. मागं, बोरीवर, पांढऱ्या गालाचा एक येऊन बसला होता आणि बोलत होता. त्यांनी वळून बघितलं नाही.

"हॅलो, आई?" श्वेताचा घोगरा, झोपेतला आवाज आला. "काय झालं गं?"

"मान वळतेय का तुझी?"

"काय?"

"मान गं. खाली वळव. हनुवटी छातीला लागते का बघ."

पलीकडं पांघरूण सळसळलं. मग श्वेता म्हणाली, "लागतेय, आई. ताप पण उतरलाय. बाबा इथेच बसलेत, सूप करतायत, जळालं बहुतेक. तू रडतेयस का?"

सुमनताईंनी ओढणीनं डोळे पुसले. फोनमधून, लेकीच्या आवाजाच्या मागं, बाल्कनीतल्या पिंजऱ्यातले पाचही बुलबुल ओरडत होते.

"त्यांना पाणी दिलंस का?" त्यांनी विचारलं.